आत्मारामचा आठशेपट बगळा

"बजेट कमी असेल, अक्कल कमी नाही!" असं आत्माराम केळसकर येता-जाता म्हणायचे. दोन हजार सहा सालच्या दिवाळीत बोनस हातात पडला आणि त्यांनी खाडीकाठच्या जेसल पार्कातल्या अख्ख्या सोसायटीला सांगून टाकलं, "व्हिडिओ कॅमेरा घेतोय. खाडीवरच्या पक्ष्यांची फिल्म काढणार. लग्नातल्या पंगती शूट करणारे गल्लोगल्ली आहेत. आपलं काम मोकळ्या आकाशाखाली!"

या बोनसमधून ओट्याला ग्रॅनाइट बसवायचं, असं त्यांच्या बायकोनं, अंबिकानं, गणपतीपासून ठरवलं होतं. तिला निसर्गाचं महत्त्व समजावून सांगण्यात आलं.

दुकानात त्यांच्या ऐपतीचे दोनच कॅमेरे निघाले. एक काळा, ठोकळ्यासारखा. त्याला डोळा लावून बघायचं भिंग होतं, पण झूम वीसपट. दुसरा चंदेरी, चपटा. भिंग नाही, नुसता उघडझाप होणारा स्क्रीन, आणि बाजूला लिहिलेलं, झूम आठशेपट!

"आठशे?" आत्मारामांचा आवाज चिरकला.

"डिजिटल है ना, साहेब!" शेठ म्हणाला.

"ऐकलंस, अंबिका? बगळ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसेल!"

अंबिकानं तो चंदेरी कॅमेरा उचलला आणि सरळ दुकानाच्या पायरीवर उन्हात नेला. स्क्रीन उघडून इकडून तिकडून पाहिलं.

"अहो, यात मला फक्त माझं कुंकू दिसतंय. तो काळा घ्या."

"तुला टेक्निकल कळत नाही. वीसपटानं काय चिमण्या मोजायच्या?"

चंदेरी कॅमेरा घरी आला.

रविवारी सकाळी आत्माराम खाडीवर पोचले. डोक्याला टोपी, अंगात सतरा खिशांचं जाकीट. भरतीचं पाणी ओसरलेलं, चिखल चकाकत होता, आणि तिवरांच्या झाडीकडेला एक बगळा ऐटीत उभा होता. आत्मारामांनी स्क्रीन उघडला. ऊन त्यावर असं काही आदळलं की स्क्रीनची नुसती स्टीलची ताटली झाली! काहीच दिसेना. मग त्यांनी अंदाजानंच कॅमेरा रोखला आणि अंदाजानंच लाल बटण दोन-तीनदा दाबलं.

इतक्यात खाडीत चोरून ओतायला राडारोडा भरलेला ट्रक आला आणि बगळ्यासमोरच मागे सरकू लागला. आत्मारामांनी हातवारे केले, आरडाओरडा केला. क्लीनरनं ते जाकीट पाहिलं, कॅमेरा पाहिला आणि घाबरून मोबाइल काढला.

संध्याकाळी दारावर थाप पडली. दशरथ उभा होता. पंढरीनाथभाऊ नावाच्या स्थानिक पुढाऱ्याची, राडारोड्याच्या ट्रकांसकट, सगळी कामं करणारा माणूस. हातात काजूकतलीचा मोठा बॉक्स.

"साहेब, सकाळी खाडीवर शूटिंग केलंत म्हणे."

आपली कीर्ती इतक्या लवकर पसरेल असं आत्मारामांना वाटलं नव्हतं. "केलं की! एकूण एक टिपलंय."

"सगळं दिसतंय?"

"आठशेपट!"

दशरथनं घाम पुसला. "पण कोण कोण दिसतंय?"

"बारीकसारीक पुष्कळ आहेत हो. पण मुख्य एकच. पांढराशुभ्र, मान ताठ. चिखलात उभं राहून जे खातोय, जे खातोय! आजूबाजूला कोण बघतंय याची शुद्धच नाही."

"भाऊ!" दशरथ पुटपुटला. पांढऱ्या कपड्यांशिवाय भाऊ कधी घराबाहेर पडत नसत. "आणि हे दाखवणार कुठं?"

"टीव्हीवर!" आत्मारामांनी कोपऱ्यातल्या आपल्या टीव्हीकडे बोट केलं. पण दशरथ तोवर बॉक्स तिथंच ठेवून जिना उतरत होता.

थोड्याच वेळात भाऊ स्वतः आले. मागे चार माणसं, माणसांमागे सोसायटीचे सेक्रेटरी, आणि सेक्रेटरींमागे अर्धी सोसायटी. सगळे त्या एवढ्याशा हॉलमध्ये कोंबले गेले.

"सायेब," भाऊ सोफ्यावर टेकत म्हणाले, "काय हाय ते आमालाबी बघू द्या. मंग बसून बोलू."

आत्माराम कृतार्थ झाले. त्यांनी स्वतःही अजून काही पाहिलं नव्हतं. वायर जोडली, दिवा घालवला. "पाहुण्यांनो, सादर आहे खाडीचा राजा!"

पडद्यावर बूट आला. आत्मारामांचा. मग चिखल. मग पुन्हा बूट. बटण नेमकं उलटं पडलं होतं: बगळ्यावर रोखलेला कॅमेरा बंद, खाली लोंबणारा चालू! त्यानंतर आत्मारामांचं पोट आलं, अगदी जवळून, आणि बराच वेळ राहिलं.

"हे आठशेपट का?" मागून कुणीतरी विचारलं.

चित्र असं असलं तरी आवाज मात्र खणखणीत आला होता. "छे! काही दिसत नाही... अंबिकाला सांगायचं, चकाचक दिसतं." स्वयंपाकघराच्या दारातून बांगड्या वाजल्या. आत्माराम स्टॉपचं बटण शोधू लागले. अंधारात तेही सापडेना. पोट हलू लागलं आणि आवाज चढला, "ओ ट्रकवाले! इथं नका टाकू, माझा बगळा उडेल! पलीकडे टाका, तिवरांत! तिकडे रग्गड जागा आहे! हां, अजून मागे घ्या, येऊ द्या... येऊ द्या... बस्स!"

सेक्रेटरींनी दिवा लावला. आत्माराम टीव्हीआड लपता येईल का ते पाहत होते.

भाऊ मात्र पोट धरून हसत सुटले. डोळे पुसत उठले आणि आत्मारामांना कडकडून मिठी मारली.

"दशरथ, अरं ह्यो तर आपलाच मानूस हाय! सायेब, त्या जागेवर आमी बाग करतोय. उद्घाटनाचं शूटिंग तुमीच करायचं. दुसरा कोन न्हाय."

सोसायटीसमोर गेलेली अब्रू अशी मिठीत परत येताना पाहून कोण नाही म्हणेल? आत्माराम लगेच "अँगल कसा ठेवूया?" विचारू लागले. अंबिका बाहेर आली, काजूकतलीचा बॉक्स उचलला आणि आत निघून गेली.

बाग झाली. माती टाकून तिवरं पार बुजली होती, त्यामुळे उद्घाटनाच्या दिवशी तिथं औषधालाही पक्षी नव्हता. पण भाऊंनी हौसेनं कारंज्यापाशी सिमेंटचे दोन बगळे बसवले होते. आत्मारामांनी सावलीत उभं राहून त्यांना मनसोक्त टिपलं. फिल्म उत्तम आली. दोघांपैकी एकही हलला नाही!