बाकावरचा कप्तान

घाटोळे काकांच्या संघाचा कप्तान कधीच खेळत नसे.

आमच्या चौबे कॉलोनीतल्या दहा-बारा जणांना मोबाइलवरच्या फॅन्टसी हॉकीचं खूळ लागलं होतं. खऱ्या लीगमधले खेळाडू निवडून आपापला संघ बनवायचा. ते मैदानात जसे खेळतील तसे आपल्याला गुण, आणि कप्तानाचे दुप्पट. खालच्या मजल्यावरचे, रेल्वेतून रिटायर झालेले काका दर वेळी कप्तान करायचे रोशनला. हा राजनांदगावचा विशीतला पोरगा राखीव गोलकीपर होता. पहिला गोलकीपर चांगला ठणठणीत, त्यामुळे रोशन कायम बाकावर. शून्याची दुप्पट शून्यच. काका शेवटचे येत, आणि शेवटच्याने सगळ्यांना समोसे खिलवायचे असा आमचा कायदा होता.

"काका, काहून घेता त्याले?" मी विचारायचो.

"फ्यूचर आहे त्याचं. बसून राहणं सोपं नाही, भैया."

सामना पाहायला मी त्यांच्याकडेच जायचो. सगळे चेंडू बघत, काका टीव्हीचा कोपरा बघत, कधीमधी तिथे बाक दिसायचा म्हणून. "पाहा, मांगच्या वर्षी नखं खात होता. औंदा कसा शांत बसून राहिला. पोट्टा सुधरला." रोशनने जांभई दिली तरी काका खूश. "टेन्शन नाही त्याले," म्हणायचे. तेवढ्यात तिकडे गोल होऊन गेलेला असे.

काका स्वतः रेल्वेच्या संघात राखीव गोलकीपर होते, हे मला उशिरा कळलं. कुसुमकाकू प्रत्येक सामन्याला डबा घेऊन जायच्या, नवऱ्याला बसलेला बघायला. काकूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

मग एका रविवारी सामन्याआधी आमच्यातलेच मिश्रा भैया काकांच्या मागेच लागले. "अंकल, एक बार तो निकालो उसको. एक बार जीतके दिखाओ." काका नाही-नाही म्हणत होते. शेवटी "हव" म्हणाले आणि रोशनला काढलं.

त्याच सामन्यात पहिल्या गोलकीपरचा गुडघा मुरगळला. रोशन उतरला आणि त्याने असे काही गोल अडवले की समालोचकाचा घसा बसला. काका त्या दिवशी पहिल्यांदाच शेवटचे आले नाहीत. आम्ही अभिनंदन करत होतो, ते टीव्ही बंद करून आत गेले. मला फार वाईट वाटलं.

आता रोशन दर सामना खेळतो. आम्ही सगळे त्यालाच कप्तान करतो. काकांच्या संघात मात्र तो नसतो आणि समोसे पुन्हा काकांकडूनच येतात. परवा न राहवून मी विचारलं.

"एक दिवस मीच कुसुमले म्हटलं, आज नोको येऊ, काय पाहाशील? त्याच दिवशी मले उतरवलं," काका म्हणाले. "पेनल्टी अडवली मी. लोकं टाळ्या वाजवून राहिले अन् मी तिच्या जागेकडंच पाहून राहिलो."

त्यांनी समोशांची बशी माझ्याकडे सरकवली.

"तिले मीच घरी बसवलं. अन् हा पोट्टा उतरला, त्या दिवशी मी त्याले सोडलं. आता कोणत्या तोंडानं घेऊ त्याले?"