मंडळीतले मन्मथप्पा

मन्मथप्पांच्या दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला एक पोवाडा ऐकावा लागे. माणूस बारदाना घ्यायला आलेला असो, पत्ता विचारायला आलेला असो की नुसता उन्हातून सावलीला टेकलेला असो, त्यातून सुटका नव्हती. लातुरात गोलाईच्या मागच्या गल्लीत, रिकाम्या पोत्यांच्या थप्प्यांमध्ये, त्यांनी एक जुना फोनो ठेवला होता. अप्पा रेकॉर्ड लावत, डोळे मिटून बसत, आणि तिसऱ्या कडव्याच्या शेवटी एकदम बोट वर करून म्हणत, "हा मी."

हा मी म्हणजे काय, तर एक "जी". शाहिराची ओळ संपली की मागे उभे असलेले चौघे "जी जी जी" करून झील ओढतात, हे पोवाडा ऐकणाऱ्याला सांगायला नको. त्या रेकॉर्डवर चौघांचे आवाज असे मिसळलेत की कुठला कुणाचा, ते त्यांच्या आयांनाही ओळखता येणार नाही. फक्त तिसऱ्या कडव्याला एक जण अर्धी मात्रा आधी घुसतो. शाहिराचा शेवटचा शब्द अजून पुरता झालेलाही नसतो. ते घुसणारे मन्मथप्पा. वीस वर्षं झील ओढून त्यांचा एकट्याचा असा जो आवाज जगाला ऐकू आला, तो चुकीचा.

मी शाळामास्तर. चूक दिसली की माझा हात लाल शाईकडे जातो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच मी म्हणालो होतो की अप्पा, तुम्ही लवकर घेतलंत. त्यांना जरासुद्धा वाईट वाटलं नाही. "हाव, चूक झाली," ते म्हणाले, आणि सुई उचलून पुन्हा तिथेच ठेवली. असं शेकडो वेळा करून रेकॉर्डची ती जागा पांढुरकी पडली होती. तिथे आता "जी"खेरीज नुसती खरखर ऐकू येई.

रेकॉर्डच्या चकतीवर छापलं होतं, "शाहीर भुजंगराव आणि मंडळी". त्यावर बोट ठेवून अप्पा सांगत, "नाव हाय की आपलं. मंडळी." हे ते चेष्टेने म्हणत की मनापासून, हे मला कधीच कळलं नाही.

अप्पा मूळचे उदगीरकडचे. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, हातात कायम दाभण. फाटकी पोती शिवून विकणं हा धंदा आणि "तुटू द्यायचं न्हाई" हे पालुपद. सुतळीबद्दल तेच, सुराबद्दल तेच. झीलकऱ्याचं काम काय, तर शाहिराचा दम संपला की सूर उचलायचा, आणि उचलला हे लोकांना कळू द्यायचं नाही. गाणं सुटलं तरी ही खोड सुटली नव्हती. अप्पा कुठल्याही घरात पहिले शिरत नसत, रस्त्याने चालताना दोन पावलं मागे राहत, आणि समोरचा बोलता बोलता अडखळला की त्याचं वाक्य उचलून पुरं करत.

आमच्या गल्लीत एकदा मुलगी पाहायचा कार्यक्रम होता. मुलाचे वडील म्हणाले, "आमची काही अपेक्षा नाही, फक्त..." आणि पाण्याचा घोट घ्यायला थांबले. अप्पांनी तेवढ्यात वाक्य उचललं, "फक्त पोरगी सुखात ऱ्हावी." बैठकीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या वडिलांना खरं काय म्हणायचं होतं, ते त्यांना पुढे बोलता आलं नाही. लग्न झालं, मुलगी सुखात आहे. त्या मंडळींनी अप्पांना पुन्हा कधी कुठल्या बैठकीला बोलावलं नाही, एवढंच.

बहात्तरच्या दुष्काळात भुजंगरावांची मंडळी सरकारी कामांवरून फिरली. लोहा, हदगाव, थेट माहूरपर्यंत. कुठे तलावाची माती निघायची, कुठे खडी फुटायची, आणि दुपारच्या सुट्टीत ढिगाऱ्यावर उभं राहून हे पाच जण गायचे. रेकॉर्ड मुंबईला झाली, ती त्यानंतर काही महिन्यांनी. पुढे भुजंगराव गेले, मंडळी पांगली, आणि अप्पा पोती शिवायला लातुरात आले.

मग लातूर जिल्हा झाला. पाट्या नव्याने रंगल्या, ज्याला त्याला छापील कागदावर जिल्हा हा शब्द हवासा वाटू लागला. सभा-समारंभांना तर ऊतच आला. अशाच एका समारंभात दुष्काळात गाणाऱ्या शाहिराची आठवण म्हणून भुजंगरावांची रेकॉर्ड कर्ण्यावर वाजवायची असं ठरलं. हे काम माझ्याकडे आलं, आणि मी लगेच लाल शाई काढली. म्हटलं, तिसऱ्या कडव्यात चूक आहे, ते गाळू. दोनच कडवी वाजवू. सगळ्यांना पटलं.

आता हे अप्पांना सांगायचं कसं, या विचारात मी दुकानात गेलो. त्या एका "जी"वर माणूस जगतोय आणि तीच आपण काढून टाकतोय, हे मला कळत होतं. पण अप्पांनी दाभण थांबवलं नाही.

"बरं केलंत मास्तर. दोनच वाजवा," ते म्हणाले. मग सुतळी ओढत, खाली मान घालूनच, "आन् दुसरी रेकॉर्ड आणू नका कुठून. हीच लावा."

मला वाटलं, रागावले. त्यांची रेकॉर्ड पहिल्या कडव्यापासूनच खरखरत होती. ती नव्या जिल्ह्याला ऐकवण्यात अर्थ नव्हता. म्हणून त्यांना न सांगता मी एस.टी.ने लोह्याला गेलो, भुजंगरावांच्या घरी.

त्यांच्या पत्नी गयाबाईंनी पेटीतून धुवट फडक्यात बांधलेली रेकॉर्ड काढली. हातात देताना म्हणाल्या, "पुरी वाजवा. तिसरं कडवं आमच्या सखूचं हाय." मी दोन कडव्यांचं सांगितलं, कारणही सांगितलं. बाईंनी पेटी बंद केली आणि त्या सांगू लागल्या.

तिसऱ्या कडव्यात कामावर पाणी मागणारं एक लेकरू आहे. भुजंगरावांनी ते रचलं तेव्हा त्यांची मुलगी सखू धडधाकट होती. त्याच उन्हाळ्यात तलावाच्या कामावर तिला ऊन लागलं आणि ती गेली. त्या दिवसापासून भुजंगरावांनी ते कडवं सोडून दिलं. पण मुंबईला कंपनीच्या माणसाला रेकॉर्डची बाजू भरायला तिन्ही कडवी हवी होती. भुजंगराव दोनदा गाता गाता थांबले. तो म्हणाला, आता एकदाच घेतो, नाहीतर राहू द्या.

"तिसऱ्या बारीला शेवटच्या शब्दावर यांना हुंदका फुटला," गयाबाई म्हणाल्या. "अप्पानं वरून जी टाकली. कंपनीचा माणूस बाहेर येऊन अप्पाला लई बोलला. अप्पा म्हणाला, चूक झाली. आन् यांना म्हणाला, शाहीर, तुमी रडला हे मी कुणाला कळू देणार न्हाई." त्यांनी पदराने रेकॉर्डवरची नसलेली धूळ पुसली. "शेवटपर्यंत म्हणायचे हे, रेकॉर्डीवर नाव माझं हाय, पर ती माझ्या अप्पाची हाय."

घरी आल्यावर मी ती रेकॉर्ड लावली. कोरी करकरीत. तिसऱ्या कडव्याच्या टोकाला, त्या "जी"च्या खाली, एका बापाचा चिरकलेला आवाज होता. कान देऊन ऐकणाऱ्यालाच कळावा इतका. अप्पांच्या रेकॉर्डवर तो खरखरीत बुडून गेला होता. अप्पांना दुसरी रेकॉर्ड का नको होती, ते मला तेव्हा समजलं. आपली एकुलती एक "जी" गेली तरी चालेल, पण शाहिराचा हुंदका चारचौघांत जाऊ नये, असं त्यांना वाटत होतं. मला माझ्या लाल शाईची लाज वाटली.

पण गयाबाईंनी पुरी वाजवा म्हटलं होतं. समारंभ सकाळी मैदानावर झाला. तिन्ही कडवी वाजली. अप्पा शेवटच्या रांगेच्याही मागे, मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. तिसरं कडवं संपत आलं, "जी" आली. अप्पांचं बोट वर झालं नाही. त्यांनी खांब दोन्ही हातांनी धरला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या भाषणाची वाट पाहू लागले.

मी त्यांच्यापाशी गेलो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "नवी आणलीत."

"हो."

"तिसऱ्याला काय ऐकू आलं, मास्तर?"

"तिसऱ्याला..." मी म्हणालो. वाक्य अर्ध्यात अडकलं. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं उचलणाऱ्या त्या माणसाने माझं मात्र उचललं नाही.

"तुमची चूक ऐकू आली, अप्पा," मी म्हणालो. "अर्धी मात्रा आधी घेतलीत."

अप्पांनी खांब सोडला. "हाव," ते म्हणाले, "ती माझीच." आणि इतका वेळ राहून गेलेलं बोट त्यांनी आत्ता कुठे वर केलं.