शंभर टक्के सरजाबाई

"लातूरला बदली माझीच! लिहून ठेव, लिंबाजी!" मॅनेजर अण्णारावांनी शिपायाला ठणकावलं. जिल्हा नवा कोरा, तिथली मुख्य शाखाही नवी. आणि बँकेचा हुकूमच होता : वसुलीत जी शाखा पहिली, तिचा मॅनेजर लातूरला!

पण गावात दुष्काळ असा, की विहिरीत सोडलेली बादली वर येऊन आपल्याकडंच पाणी मागेल! वसुली यायची कुठून? अण्णारावांना युक्ती सुचली. लगेच फेडेल त्यालाच कर्ज!

पंचशीला शिलाई मशीनसाठी अर्ज घेऊन आली.

"संध्याकाळपर्यंत फेडशील?"

"साहेब, शिलाई मशीन मागायले, नोटा छापायची न्हाई!"

अर्ज परत!

मग समोरची चहावाली सरजाबाई सापडली. सकाळी शंभराची नोट द्यायची, अंगठा घ्यायचा, संध्याकाळी नोट परत. व्याजाचे चार पैसे अण्णाराव स्वतःच्या खिशातून भरायचे! सहा महिन्यांत दीडशे कर्जं, दीडशे वसुल्या. आकडा इतका गुटगुटीत, की लिंबाजीला त्याची दृष्ट काढावीशी वाटे.

तपासणीच्या आदल्या दिवशी सरजाबाईनं नोट घेतली आणि दुपारी लेकीला कळा लागल्याचा निरोप येताच मुखेडची एसटी धरली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी वही उघडली. "आज कर्जदार किती?"

"एक, साहेब."

"थकलेले?"

"तेवढेच."

"म्हणजे एक बाई एसटीत बसली आणि शाखा शंभर टक्के बुडाली!"

इतक्यात सरजाबाई धापा टाकत आत शिरली. "नात झाली वो!" पदराची गाठ सोडून तिनं नोट टेबलावर ठेवली. "उशीर झाला, माफी करा."

साहेबांनी विचारलं, "बाई, या पैशातून धंदा काय केलात?"

"कशाचा धंदा? पानीच न्हाई, सा म्हैनं चूल बंद हाय!"

"मग कर्ज कशाला घेतलंत?"

"कर्ज?" सरजाबाई उडालीच. "मला वाटलं, बँकेत दिवसा माणसांचा राबता, म्हनून साहेब नोट माझ्याकडं जपाया ठेवायलेत! बरं झालं तुमी हाव. दीडशे दिसांची राखनावळ कोन देनार?"

लिंबाजीनं पंचशीलाला बोलावून आणलं आणि तिचा परत केलेला अर्ज साहेबांनी तिथंच मंजूर केला. अण्णाराव गावातच राहिले. लातूरला गेला तो राखणावळीचा अर्ज. अंगठा सरजाबाईचा, अक्षर अण्णारावांचं!