पराते सर फॉल्ट टाकतात

ईरा आणि नील,

ईराला युनिव्हर्सिटीत न जाता तिकडच्या कम्युनिटी कॉलेजात इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स करायचा आहे, ही बातमी तुमच्या बाबाने मला फोनवर अशा आवाजात सांगितली, की आधी वाटलं, कुणी आजारी पडलं की काय. "आई, तू तिला समजाव. तुझं ती ऐकते," असं तो म्हणाला. मीही हो म्हटलं. चष्मा पुसून समजवायला बसले, तर मला सारखे पराते सरच आठवायला लागले. म्हणून आधी तेच सांगते. ईराने मोठ्याने वाचावं, नीलने ऐकावं, आणि तुमच्या बाबाला सगळ्यांत शेवटी द्यावं.

पराते सर बेसा भागातल्या आपल्या इमारतीत, माझ्याच वरच्या मजल्यावर राहतात. ते कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नाहीत, स्विचबोर्डाकडे बघतात. लग्नाच्या मांडवात नवरी आली की सगळे समोर वळतात. सर पाठमोरे उभे असतात, जनरेटरची केबल कुठून ओढली आहे ते पाहत. एका वधूपित्याला तर त्यांनी अक्षता हातात असतानाच सांगितलं होतं, "पोरगी चांगल्या घरी चालली तुमची, पण तो खांबाजवळचा जॉइंट उघडा आहे."

त्यांचे वडील उमरेडला मागावर लुगडी विणायचे. सर आयटीआयमध्ये गेले आणि मग तिथेच शिकवायला राहिले. आयटीआय म्हणजे ईराच्या कम्युनिटी कॉलेजाचा आपल्याकडचा चुलतभाऊ समजा. वायरमन ट्रेडची कितीतरी पोरं त्यांच्या हाताखालून गेली. निवृत्त झाले ते फक्त कागदावर. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, सर अजून टेस्टर लावतात.

त्यांचा आवडता शब्द म्हणजे रिझल्ट. पण तो मार्कांचा नव्हे.

"जूनमंधी लागते तो कागद असते, मॅडम," ते मला सांगतात. "रिझल्ट तीन सालानं लागते. पोट्टा कुठं चिपकला, काय कमवून राहिला, पुढं शिकला का घरी बसला, हा रिझल्ट."

या हिशेबाने त्यांनी अख्ख्या इमारतीचा निकाल लावून ठेवला आहे. तुमच्या बाबालाही सोडलं नाही. मागच्या खेपेला तो आला होता, तेव्हा सरांनी विचारलं, "काय करता गा तिकडं?"

"प्रॉडक्ट स्ट्रॅटेजी," बाबा म्हणाला.

सरांनी जरा विचार केला. "म्हणजे तुमी एक दिवस नाई गेले, तर काय बंद पडते?"

बाबा बराच वेळ आठवत राहिला. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "राहू द्या. चहा घ्या."

स्वतःच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर ते फारच कडक. एक जण काटोलला जळलेल्या मोटरींत नवी तार भरून देतो, एकाने स्वतःचं लायसन काढलं, एक जण थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला बसला आणि आता साहेब झाला. हे सगळे पास. काही जण मात्र घरोघरी जेवणाची पार्सलं पोचवतात. त्यांतला कुणी चुकून सरांच्या दारात आला, तर सर पार्सल हातात घेत नाहीत. आधी ओहमचा नियम विचारतात. खाली त्याची गाडी चालू, वर भाजी थंड, आणि सुमनताई, म्हणजे सरांच्या पत्नी, आतून ओरडत असतात, "सोडा ना जी त्याले! भूक लागली मले!"

आणि या सगळ्यांत एकच निकाल सरांच्या घशात अडकून बसला होता. तो प्रज्ञाचा.

प्रज्ञा त्यांच्या वर्गातली एकटी मुलगी. तिच्या वडिलांचा भाजीचा ठेला. पोरीने बीए करावं, म्हणजे लग्न लवकर जमेल, असं त्यांचं म्हणणं. सर स्वतः त्यांच्या घरी गेले, भाजीच्या टोपलीशेजारी बसले आणि म्हणाले, "वायरमन करू द्या तिले. कमवून दाखवते का नाई पाहा. गॅरंटी माही." प्रज्ञा पहिली आली. आणि लगेच तिचं लग्न झालं. सासर आपल्याच मागच्या वस्तीत, लेआउटमध्ये. सासू शोभाबाई. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "आमच्या घरची सून लोकाइच्या घरात शिडीवर नाई चढत." झालं. प्रज्ञा पापड लाटू लागली. सर सकाळी दूध आणायला जात, तेव्हा ती गच्चीवर पापड वाळत घालत असायची आणि सरांना पाहून मान खाली घालायची.

"तीन साल होत आले, मॅडम," सर माझ्याकडे चहा पिताना म्हणायचे. "तिचा रिझल्ट झिरो. गॅरंटी मी देल्ली होती. बाप ठेल्यावर भेटते, आणि काही बोलत नाई. शिव्या देल्ल्या असत्या तर बरं होतं."

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी दारावरची बेल बंद पडली.

मी सरांना सांगितलं. ते आले, हात मागे बांधून बेलचं बटण पाहत राहिले आणि म्हणाले, "माझ्यानं नाई होत आता. डोळे." ज्या माणसाला मांडवाच्या पलीकडचा जॉइंट दिसतो, त्याला हाताच्या अंतरावरचं बटण दिसेना, याचं मला नवल वाटलं. पण वय झालं असेल म्हटलं.

"प्रज्ञाले बोलवा," ते म्हणाले. "तुमी स्वतः जा. बाईमाणसाचं घर, एकटी म्हातारी राहते म्हणून सांगजा. मंधी दोन शब्द इंग्रजी टाकजा."

मी गेले. दोनाऐवजी चार टाकले. शोभाबाई तयार झाल्या, पण सुनेसोबत स्वतःही आल्या. सोफ्यावर पदर सावरून बसल्या आणि प्रज्ञा स्टुलावर चढली तशा डोळे मिटून घेतले. बेल वाजली तेव्हाच उघडले.

पैशांबद्दल सरांनी मला आधीच बजावलं होतं. "प्रज्ञाच्याच हातावर ठेवा, सासूसमोर. फुकट केलं का ते घरकाम होते."

मग इमारतीला जणू साथ लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी आजींचा गिझर गेला. अग्रवाल आंटींचा पंखा थांबला. "अरे भाई, कल तक तो मस्त चल रहा था," म्हणत त्या प्रत्येकाला जिन्यात थांबवून सांगत. मग माझी बेल पुन्हा. मग कुलकर्णींचा देवघरातला दिवा. दर वेळी प्रज्ञा यायची, सोबत शोभाबाई यायच्या, चहा व्हायचा. मला गोष्टी जागच्या जागी ठेवायची सवय आहे, तशीच घडलेल्या गोष्टी ओळीने मांडून पाहायचीही. माझ्या ध्यानात आलं, की तिसऱ्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या मुलांकडे काहीच बिघडत नाही. ज्या घरात म्हातारी बाई आहे, तिथेच वीज रुसते.

त्याच सुमारास सुमनताई रडकुंडीला येऊन माझ्याकडे आल्या. "मॅडम, आमच्या याइच्या पँटच्या खिशात मले नेलपॉलिश सापडलं! बिनरंगाचं! या वयात याइले कोन भेटली असन वं?"

मी त्यांना पाणी दिलं आणि माझ्या बेलच्या बटणाचा वास घेऊन आले. मग संध्याकाळी सरांच्या चहाच्या वेळेला दिवा न लावता दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी राहिले. सर आले. इकडे तिकडे पाहिलं. बटणाचं झाकण उघडलं, खिशातून बाटली काढली आणि जिभेचं टोक बाहेर काढून आतल्या तांब्याच्या पट्टीला छोट्या ब्रशने नेलपॉलिश लावू लागले. नवरीची नखंसुद्धा कुणी इतक्या निगुतीने रंगवत नसेल.

मी दार उघडलं.

ब्रश हवेत राहिला. "मॅडम," ते म्हणाले, "सुकू द्या जरा."

आत बसवून मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. कुणाला शॉक बसला असता तर? यावर मात्र ते दुखावले. "फॉल्ट टाकतो मी, मॅडम. शॉर्ट नाई टाकत. करंट जात नाई, एवढंच." मग समजावून सांगितलं. आयटीआयच्या प्रॅक्टिकलला मास्तर चांगल्या बोर्डात मुद्दाम एक बिघाड करून ठेवतो आणि पोरांनी तो शोधायचा असतो. वायर तोडली तर कुणालाही दिसते. नेलपॉलिश दिसत नाही. "फॉल्ट दिसला नाई पायजे, सापडला पायजे."

"अन् सुमनताईंना काय सांगणार आहात?"

"तिले काय झालं?"

मी सांगितलं. सर आधी लाल झाले, मग, मला वाटतं, थोडे खूशही झाले.

पुढच्या वेळी प्रज्ञा आली, तेव्हा शोभाबाईंना माझ्याकडे आलेल्या कुलकर्णी आजींच्या गप्पांत बसवून ती माझ्या मागे स्वयंपाकघरात आली. "मॅडम, हा फॉल्ट सरांचा होय," ती हळूच म्हणाली. "पहिल्याच दिवशी वास आला मले. दुसऱ्या सालच्या प्रॅक्टिकलले हाच होता."

"मग बोलली का नाहीस?"

"काहून बोलू? फॉल्ट संपले तर मी घराबाहेर कशी पडीन?" आणि कप विसळता विसळता म्हणाली, "सांगू नोका त्याइले. त्याइले वाटते, मले समजलं नाई."

मी कुणालाच काही सांगितलं नाही. एका आठवड्यात काहीच बिघडलं नाही, तर गुरुवारी शोभाबाई एकट्याच आल्या आणि दारातूनच विचारू लागल्या, "काहून वं बाई, या घराइत कोनाचंच काही खराब नाई झालं का?"

मग एक बातमी आली. कळमेश्वरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला माणसं हवी होती. पक्का पगार, कंपनीची बस, आणि पुढे डिप्लोमा करायचा तर शिफ्ट बदलून मिळणार. तिथला सुपरवायझर सरांचाच जुना विद्यार्थी. प्रज्ञाची चाचणी झाली, निवडही झाली. आता फक्त घरचा होकार उरला होता, आणि तो मागायला सगळे माझ्याच खोलीत जमले. प्रज्ञाचा नवरा नितीन भिंतीला टेकून उभा, आईच्या तोंडाकडे बघत. सर खुर्चीच्या कडेवर. त्यांनी स्विचबोर्डाकडे एकदाही पाहिलं नाही, यावरून मला त्यांची अवस्था कळली.

शोभाबाईंनी बसचं विचारलं, शिफ्टचं विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं. प्रत्येकाला प्रज्ञाकडे उत्तर होतं. तरी त्यांची मान हलेना. शेवटी मीच म्हटलं, "शोभाबाई, नेमकं काय अडतंय?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "इथं हिले बोलावतात तं शोभाबाईची सून म्हनून बोलावतात. संगं मलेबी चहा होते. चार बाया इचारतात, तब्येत कशी आहे म्हनून. तिकडं कळमेश्वरात मले कोन ओळखते?"

कुलकर्णी आजींचा निरोप मी तिथल्या तिथे बनवला. "त्या सांगत होत्या, काही बिघडो न बिघडो, गुरुवारी शोभाबाईंनी आलंच पाहिजे."

"खरंच म्हनल्या त्या?"

"हो तर."

शोभाबाई नितीनकडे वळल्या. "काय भिंतीले चिपकून राहिला? तिले डबा लागन नवीन. जाय, घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्या मजल्यांवर फिरून जिथे जिथे नेलपॉलिश लावलं होतं, तिथे तिथे खरवडून काढलं. अग्रवाल आंटींचा गॅलरीतला दिवा, जो कायमचा गेला म्हणून त्यांनी सोडून दिला होता, एकदम लागला. "पराते जी, आप तो जादूगर हो," त्या म्हणाल्या. सर म्हणाले, "रिटायर हूँ."

हे झालं त्याला बरेच महिने झाले. प्रज्ञा मान वर करून बस पकडते. तिचे वडील सरांना ठेल्यावरून हाक मारतात आणि नको म्हणत असतानाही पिशवीत मेथी कोंबतात. सगळं सरांच्या मनासारखं झालं. पण संध्याकाळी ते माझ्याकडे येऊन बसत, तेव्हा चहा निवून जायचा आणि ते बोलायचे कमी.

मागच्या महिन्यात माझी बेल पुन्हा बंद पडली. मी वास घेतला. आत सर चहाची वाट पाहत, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे टक लावून बसले होते. मी काही बोलले नाही. प्रज्ञाला फोन लावला.

"मॅडम, ड्युटीवर आहो मी," ती मोठ्याने म्हणाली. मागे यंत्रांचा आवाज होता. "रविवारी आली तर चालते ना?"

मी चालेल म्हणत होते, तेवढ्यात सरांनी हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी तो कानाला लावला आणि काहीच बोलले नाहीत.

"हॅलो? मॅडम? हॅलो?" मला तिचा आवाज ऐकू येत होता. मग ती थांबली. तिला समजलं असावं, कारण तिने फोन ठेवला नाही, आणि बोललीही नाही. नुसता यंत्रांचा आवाज येत राहिला. सर डोळे मिटून ऐकत होते.

"मोटर बरोबर चालून राहिली," ते मला म्हणाले आणि फोन परत दिला. मग उठले, खिशातला टेस्टर घेऊन बाहेर गेले आणि बटणातलं नेलपॉलिश स्वतःच खरवडून काढलं.

ईरा, तुला समजवायचं होतं ते राहूनच गेलं. तुझ्या बाबाला मी काय ते सांगेन.

पराते सर वरच्या मजल्यावर आहेत. रोज संध्याकाळी येतात, बेल वाजवतात, आणि मी दार उघडेपर्यंत तिचा आवाज ऐकत बाहेर उभे राहतात.