अपेक्षा काही नाही

संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणं हे मुळातच अवघड काम आहे, याबद्दल तज्ज्ञांत दुमत नाही. यंत्र महाग असतं म्हणून नव्हे, की वीज जाते म्हणून नव्हे (डोंबिवलीत ती जातेच). अडचण एवढीच, की यंत्राला सांगितलेलंच कळतं आणि माणसं नेमकं तेच सांगत नाहीत.

त्र्यंबकराव आगाशे यांच्या वधूवर सूचक मंडळानं १९९३ साली संगणक घेतला. मंडळ अत्यंत पुरोगामी. फॉर्मवरचा जातीचा रकाना त्र्यंबकरावांनी स्वतः, पेढे वाटून, काढून टाकला होता. प्रोग्रॅम लिहायचं काम पुतण्या सुधीरकडे आलं. त्यानं फॉर्म चाळले. शेकडा ब्याण्णव पालकांनी ‘अपेक्षा’ या रकान्यात ‘काही नाही’ असं लिहिलं होतं. (उरलेल्यांनी ‘काहीही नाही’ असं लिहिलं होतं.)

उद्घाटनाला काकांनी मोठ्या मनानं आपल्याच मुलीचं, सुमतीचं नाव घातलं. बँकेत नोकरी, गाण्याची आवड, अपेक्षा काही नाही. प्रिंटर बराच वेळ करकरला आणि पहिलं स्थळ बाहेर आलं: आनंद कुंडलिक सोनकांबळे, आंबिवली, इंजिनीअर, निर्व्यसनी, गाण्याची आवड. टाळ्या पडल्या, पण नाव वाचून झाल्यावर त्या जरा लवकर थांबल्या.

आनंद सभागृहातच होता. चहाच्या वेळी दोघं बोलत उभी राहिली ती राहिलीच. घरी आल्यावर सुमती म्हणाली, “बाबा, मला पसंत आहे.”

काकांनी सुधीरला बोलावलं. “प्रोग्रॅममध्ये चूक आहे.”

“कुठली अट राहिली सांगा काका, लगेच टाकतो.”

“अट कसली रे? आपल्याकडे अटी नसतात.”

“मग तो मुलगा येणारच.”

“येता कामा नये.”

सुधीरनं प्रामाणिक प्रयत्न केले. कल्याणच्या पुढची स्थळं वगळली, तर आनंदबरोबर काकांच्या साडूचा मुलगाही गळला. उंचीची अट घातली, तर खुद्द काका गळले (चाचणीसाठी त्यांचंही नाव घातलं होतं). पगाराची अट वाढवली तेव्हा मात्र बाकी सगळेच गळले आणि आनंद एकटा उरला.

“काका, काय नको ते एका ओळीत लिहून द्या ना.”

काकांनी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. “हे लिहायचं नसतं रे. समजून घ्यायचं असतं.”

दारात उभ्या असलेल्या सुमतीनं हे ऐकलं. तिला वडिलांचा राग आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. पुढच्याच महिन्यात तिनं आणि आनंदनं ठाण्याला नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. मंडळाच्या वार्षिक अहवालात या विवाहाचा उल्लेख ‘चाचणीतील तांत्रिक बिघाड’ असा आहे. काका लग्नाला गेले नाहीत. त्या दुपारी ते बंद संगणकासमोर बसून रडत होते, असं सुधीर सांगतो.

प्रोग्रॅम अद्याप अपुरा आहे. वाचकहो, आनंदची जात मी वर कुठेही लिहिलेली नाही. ती तुम्हाला कोणत्या शब्दावरून कळली, तेवढं सुधीरला कळवा. बाकी सगळं काम त्याचं झालेलं आहे.