चढलेलं डाळिंब

वनमालाबाईंनी झाकण उचललं तेव्हा पातेल्यात वाइन नव्हती. तळाला काळा थर धरला होता, त्यात संत्र्याच्या चकत्या जुन्या चपलेच्या तळव्यांसारख्या रुतून बसल्या होत्या आणि दालचिनीचा एक तुकडा अजून धुमसत होता.

"फक्त गरम करायची, आई. उकळू द्यायची नाही," असं शंतनू जाताना दोनदा बजावून गेला होता. पण चाळीस वर्षं चहा, दूध, काढा, सगळं खळखळा उकळून घरादाराला पाजलेल्या बाईला ते पटणार कसं? कच्च्या लवंगांनी नवऱ्याचं पोट बिघडेल म्हणून वनमालाबाईंनी गॅस जरा मोठा केला. तेवढ्यात देवासहून त्यांच्या बहिणीचा, लीलाताईंचा फोन आला. लीलाताईंच्या सुनेचा विषय निघाला की पाऊण तास कुठे जातो ते कळत नाही.

पंचवीस डिसेंबर होता. शिंदे की छावनीतल्या त्यांच्या गल्लीत तीन दिवस ऊन म्हणून पडलं नव्हतं. शंतनू गुडगावहून दहा दिवसांच्या सुट्टीवर आला होता, तोही एकटाच. बायकोला, गरिमाला, रजा मिळाली नाही, म्हणाला. आल्यापासून तो खोलीत पडून असायचा. पूर्वी एका जेवणात चार वेळा त्याच्या ऑफिसचा फोन यायचा आणि त्याचे वडील, शरच्चंद्र, चिडायचे. या खेपेला फोन एकदाही वाजला नव्हता, आणि त्याबद्दल घरात कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

आज मात्र तो नाश्त्याला आपणहून आला. बॅगेतली बाटली टेबलावर ठेवून म्हणाला, "आज मल्ड वाइन करू या. मसाले घालून गरम गरम पितात. आमच्याकडे दर ख्रिसमसला असते."

शरच्चंद्रांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण चार दिवसांत मुलाने पहिल्यांदाच काहीतरी करू या म्हटलं होतं. बाटली उलटसुलट पाहून ते म्हणाले, "औषध म्हणून घ्यायला हरकत नसावी." मग शेजारच्या संग्रामसिंहांना निरोप गेला, आणि संध्याकाळी पातेलं आईच्या हवाली करून बापलेक नया बाजारात तिळगुळाचं गजक आणायला गेले.

ते परतायला आता फार तर दहा मिनिटं होती. खरं सांगून टाकावं, असं वनमालाबाईंच्या मनात आलंही. पण संत्री चिरताना शंतनू शीळ घालत होता. ती शीळ त्यांनी दोन वर्षांत ऐकली नव्हती.

त्यांनी पातेलं गच्चीवर टाकीमागे नेऊन ठेवलं. फ्रिजमध्ये डाळिंबाच्या रसाचा डबा होता. शरच्चंद्रांचं हिमोग्लोबिन कमी म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला. तो सगळा दुसऱ्या पातेल्यात ओतला. लवंग, दालचिनी, सुंठ, संत्र्याची साल घातली. वास घेतला तर फारच सात्त्विक वाटला. मग त्यांनी जांभळाच्या आंबटढाण सिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली काढली आणि दोन पळ्या ओतला. नाकाला झिणझिण्या आल्या. दारूला असाच भपकारा येत असणार, असं म्हणून त्यांनी गॅस बंद केला.

त्यांना खरी धास्ती संग्रामसिंहांची होती. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, अठ्ठावीस वर्षं कॅन्टीनची रम प्यायलेला. संग्रामसिंहांनी पेला नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"वहिनी," डोळे उघडून ते म्हणाले, "असली माल आहे. वरून गोड लागते, पर नीचे जाऊन पकडते."

शरच्चंद्रांनी मान डोलावली. आपल्यालाही खाली काहीतरी पकडल्यासारखं वाटतंय, म्हणाले. शंतनूने घोट तोंडात जरा घोळवला, पेल्यात पाहिलं, मग आईकडे पाहिलं. "छान झालीय," एवढंच बोलून त्याने पेला रिकामा केला.

दुसऱ्या पेल्याला संग्रामसिंहांचे गाल लाल झाले. तिसऱ्याला त्यांनी मफलर सोडला आणि शरच्चंद्रांचा हात धरला.

"शरदराव, आज सांगूनच टाकतो. हा गुडघा आहे ना माझा, याला गोळीबिळी काही लागलेली नाही. कॅन्टीनच्या लायनीत पाय घसरला. गल्लीवाले मला पंधरा ऑगस्टला झेंड्यासाठी बोलावतात. मी लंगडत जातो, ते टाळ्या वाजवतात. मतलब, मी काय बोलू?"

वनमालाबाई गजकाची बशी पुढे करायची विसरल्या. डाळिंबाच्या रसाने माणूस एवढा कसा मोकळा होतो, ते त्यांना कळेना.

"तुमचं काहीच नाही," शरच्चंद्र म्हणाले. त्यांचे शब्दही आता सैल पडत होते. "माझा निवृत्तीचा फोटो बघता ना भिंतीवरचा? हार घातलेला? तो हार मी विकत घेतला होता. कचेरीत कोणाच्या लक्षातच नव्हतं. पाच वाजले, सगळे घरी गेले. घरी हिने औक्षणाची तयारी केली असणार, रिकाम्या गळ्याने कसं यायचं? मग नया बाजारात घेतला, तिथेच घातला आणि फुलवाल्यालाच फोटो काढायला सांगितला."

तो फोटो वनमालाबाईंनी चौकट करून लावला होता. पाहुण्यांना त्या तो आवर्जून दाखवत. त्यांना भिंतीकडे पाहवेना.

शंतनू पेला तळहातांत फिरवत होता. "बाबा, माझी नोकरी गेली," तो म्हणाला.

"कोणाची गेली?" शरच्चंद्र हसत म्हणाले.

"माझी. सप्टेंबरमध्ये. सुट्टी वगैरे काही नाही. गरिमा इंदूरला आहे, माहेरी. ती परत येईल असं वाटत नाही."

संग्रामसिंहांनी उठून त्याच्या पाठीवर थाप मारली. "बच्चे को चढ गई है, शरदराव. झोपवा त्याला."

"हो, चढलीच आहे," शरच्चंद्र घाईघाईने म्हणाले. "मलाही चढलीय. मीसुद्धा काहीबाही बरळलो."

संग्रामसिंह भिंत धरत घरी गेले. शरच्चंद्र चष्म्यासकट अंथरुणात शिरले. त्या पातेल्यात काय होतं, हे आपल्या एकटीलाच ठाऊक आहे असं समजून वनमालाबाई तेवढ्या जाग्या राहिल्या. सांगावं, तर नवऱ्याने हाराबद्दल सांगितलेलंही शुद्धीतलं ठरणार. न सांगावं, तर पोराचं म्हणणं दारूवर जाणार आणि तो पुन्हा खोलीचं दार लावून बसणार.

सकाळी त्या दूध तापवत होत्या, तर शंतनू येऊन ओट्याला टेकून उभा राहिला.

"काल मी काही बोललो का गं?"

"बोललास थोडंफार." त्यांनी दुधावरची नजर काढली नाही. "वाइन होती ना."

"आई, ती वाइन नव्हती. डाळिंबाचा रस होता. आणि सिरका."

वनमालाबाईंनी गॅस बंद केला. करपलेलं पातेलं, लीलाताईंचा फोन, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. मग म्हणाल्या, "पण तुला कसं समजलं? तू तर वर्षातून एखाद्या वेळी घेतोस."

"सप्टेंबरपासून रोज घेतोय. सकाळपासून." तो फरशीकडे पाहून बोलत होता. "ती बाटली मी ख्रिसमससाठी आणलीच नव्हती. इथे खोलीत घेता घेता बॅगेत तेवढी एकच उरली होती. म्हटलं, सगळ्यांसमोर घेता तरी येईल."

"मग कळलं तेव्हा बोलला का नाहीस?"

"काका बोलले, बाबा बोलले. वाटलं, आपणही बोलून घ्यावं, उद्या वाइनवर ढकलता येईल. पण चार महिन्यांत कालची पहिली संध्याकाळ होती आई, जेव्हा मी घेतलेली नव्हती."

वनमालाबाईंनी दुधावर झाकण ठेवलं. ते नीट बसलं नाही, म्हणून पुन्हा ठेवलं.

"बाबांना सांगशील?" त्याने विचारलं.

"काय सांगू? तुझं, की डाळिंबाचं?"

आतून शरच्चंद्रांचा क्षीण आवाज आला. "वनमाला, डोकं भयंकर जड झालंय गं. लिंबूपाणी देतेस का? आणि संग्रामसिंहांकडेही पाठव. त्यांचा फोन होता, त्यांना उठवतच नाहीये."

वनमालाबाईंनी टोपलीतून लिंबं काढली. शंतनूने सुरी घेतली. त्याचा हात असा थरथरत होता, की लिंबू दोनदा सुरीखालून निसटलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते दोन्ही बाजूंनी घट्ट धरलं आणि म्हणाल्या, "हं, काप आता."