एवेलिओचा हक्काचा विरोधक

एवेलिओ सकाळी कामाग्वे शहरातल्या बागेत शिरला आणि बाकावर टेकायच्या आधीच गरजला, "सेफ होता तो, सेफ!"

समोरून "आउट!" आलंच नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

बेसबॉलच्या जुन्या एका सामन्यात शेवटचा खेळाडू घसरत होमला, म्हणजे धाव पुरी होते त्या जागी, पोहोचला, तो आउट की सेफ, यावर एवेलिओ आणि ओरेस्तेस रोज भांडत. पूर्वी भोवती अर्धं गाव जमायचं. मग बेसबॉलची माणसं एकेक करून पांगली, ओरेस्तेस तेवढा उरला. आणि आज तोही पलीकडच्या बदामाखाली, फुटबॉलवाल्या पोरांच्या घोळक्यात, कुठल्याशा परदेशी क्लबचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून!

एवेलिओ तरातरा तिकडे गेला. "हे काय सोंग?"

"माद्रिदनं कालच्या मॅचमध्ये वाट लावली रे आपली," ओरेस्तेस गहिवरून म्हणाला.

"आपली? हवानापर्यंत जायचं तर तुला बस लागते! आणि समुद्रापलीकडची टीम म्हणे आपली!"

"काका, ऑफसाइड कळतं का तुम्हाला?" एका पोरानं विचारलं.

"सगळं कळतं मला! तो सेफ होता!"

घोळका खो खो हसला. ओरेस्तेससुद्धा. ते हसणं एवेलिओला फार लागलं.

घरी त्याला जेवण जाईना. बायको नीदिया वैतागली. "एवढा जीव जातोय, तर एकदा म्हणून टाक ना, तुझं बरोबर होतं म्हणून. येईल धावत."

एवेलिओला कॉफीचा ठसका लागला.

पण दुसऱ्या दिवशी तो बदामाखाली गेला. टोपी काढली. "ओरेस्तेस, तो आउटच होता. तू जिंकलास."

ओरेस्तेसचा चेहरा पडला. "बरं वाटत नाहीये का तुला?"

"ठणठणीत आहे. आउट होता. विषय संपला."

"संपला कसा?" ओरेस्तेस उसळला. "इतकी वर्षं बोंबललास आणि आता पलटतोस? अरे, कॅचरच्या हातून चेंडू निसटला होता! मी बघितलाय!"

"म्हणजे?"

"म्हणजे सेफ होता तो!"

"आउट!"

"सेफ, गाढवा, सेफ!"

माद्रिद बाजूला पडलं. पोरं भोवती गोळा झाली. दुपारपर्यंत निम्मी आउटची, निम्मी सेफची, आणि सामना कुठला ते एकालाही ठाऊक नाही.

एवेलिओ घरी आला तो बसल्या घशानं आणि फुलल्या चेहऱ्यानं.

"आला का तुझा मित्र परत?" नीदियानं विचारलं.

"आला!" म्हणत त्यानं कॉफीचा कप उचलला, आणि तो ओठांपाशीच थांबला.

"नीदिया... पण सेफच होता गं तो. मेल्यानं माझी बाजू पळवली!"